बोलका ताटवा

पुष्पप्रदर्शन पाहावयास गेलेला गृहस्थ सहसा प्रथम गुलाबांच्या मांडवात शिरतो. तेथे पेल्यात ठेवलेले एकच टपोरे फूल आपली परीक्षा देत असते. पाकळ्यांची ठेवण, देठाचा सरळपणा, रंगाचा तजेला हे सारे पाहून परीक्षक आपले मत बनवितात आणि पाहणाराही मान डोलावून पुढे जातो. परंतु पुष्कळ प्रदर्शनांत बाहेरच्या मोकळ्या हिरवळीवर आणखी एक स्पर्धा मांडलेली असते. तिच्याकडे मात्र, ‘रंगीबेरंगी फुले लावली आहेत’ एवढेच म्हणून आपण पाठ फिरवितो. ही स्पर्धा ताटव्यांची. येथे सुट्या फुलाला फारशी किंमत नाही. हजारो लहानलहान रोपांनी मिळून एखादी कल्पना, एखादा प्रसंग किंवा एखाद्या गावाचा इतिहास सांगावयाचा असतो. तो शब्दांवाचून सांगावयाचा असतो आणि ठरलेल्या चारपाच दिवसांतच सांगावयाचा असतो. हे कसे साधतात व त्याची पारख कशी करावी, याविषयी आज थोडेसे सांगण्याचा विचार आहे.

या प्रकाराचे ठळक उदाहरण इंग्लंडात सापडते. तेथील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ही उद्यानविद्येची संस्था १८०४ साली लंडनमध्ये स्थापन झाली. चेल्सी येथे भरणारे तिचे वासंतिक प्रदर्शन १९१३ पासूनचे असून ते जगप्रसिद्ध आहे. याच संस्थेने १९९९ साली उत्तरेकडील चेशायर परगण्यात, टॅटन पार्क नावाच्या विस्तीर्ण उद्यानात, उन्हाळी प्रदर्शन सुरू केले. या प्रदर्शनात अनेक वर्षे ताटव्यांचा स्वतंत्र विभाग असे. नगरपालिकांची उद्यानखाती आपापल्या रोपवाटिकांतील रोपे घेऊन तेथे येत आणि नेमून दिलेल्या जागेत एखादा विषय घेऊन ताटवा रचीत. श्रीमंतांच्या बागा आखणारे नामांकित रचनाकार चेल्सीला झळकतात. टॅटनच्या ताटव्यांत मात्र एरवी रस्त्याच्या दुभाजकावर आणि नगरभवनापुढे राबणाऱ्या माळ्यांची विद्या प्रदर्शनाच्या कसोटीला लागत असे. या स्पर्धेचे मर्म येथेच आहे आणि शेवटी आपल्याला याच मुद्द्याकडे परत यावयाचे आहे.

ताटव्याने काही बोलावे, ही कल्पना आली कोठून? युरोपातील राजवाड्यांच्या बागांत नक्षीदार वाफे फार पूर्वीपासून होते. पण त्यांचे वळण बहुधा वेलबुट्टीचे असे आणि रेषा हिरव्या झुडपांच्या असत. रंगांची लयलूट झाली ती एकोणिसाव्या शतकात. दक्षिण आफ्रिकेतून पेलार्गोनियम व लोबेलिया, दक्षिण अमेरिकेतून पिटुनिया व लाल साल्व्हिया, मेक्सिकोतून डेलिया व आपण ज्याला अगदी घरचा समजतो तो झेंडू, अशी उष्ण प्रदेशांतील झाडे तोवर युरोपात पोहोचली होती. लांबच्या समुद्रप्रवासात रोपे खाऱ्या वाऱ्याने करपून जात. डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ साली असे आढळले की, बंद काचपात्रात आतल्या आतच ओलावा फिरत राहतो व रोप दीर्घकाळ तग धरते. त्यावरून बनविलेल्या काचेच्या पेट्यांनी ती अडचण पुष्कळशी दूर केली. पुढे १८४५ साली इंग्लंडात काचेवरील कर उठला आणि काचगृहे बांधणे आवाक्यात आले. थंडीने मरणारी नाजूक रोपे हिवाळाभर काचेखाली ऊब देऊन जतन करावयाची आणि उन्हाळा लागताच बाहेर लावून रंगांचा पट मांडावयाचा, हा प्रघात या साऱ्या योगायोगातून पडला.

त्यातूनच १८६८ साली क्लिव्हडेन येथील मुख्य माळी जॉन फ्लेमिंग यांनी एक नवी गोष्ट केली. त्यांनी मांसल पानांची बुटकी रोपे दाटीने लावून मालकीणबाई हॅरिएट, डचेस ऑफ सदरलंड, यांच्या नावाची आद्याक्षरे जमिनीवर उमटविली. ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या नियतकालिकाने या पद्धतीला गालिच्याची उपमा देऊन तिचे नामकरण केले व आपणही तिला ‘गालिचा-ताटवा’ म्हणू. लवकरच अक्षरे, मानचिन्हे आणि चित्रे सार्वजनिक उद्यानांत दिसू लागली. एडिंबरो शहरात १९०३ साली बसविलेले फुलांचे घड्याळ याच परंपरेतील होय. आरंभी त्याला केवळ तासकाटा होता. मिनिटकाटा पुढल्या वर्षी आला. १९४६ पासून या घड्याळाच्या तबकडीवर एखाद्या संस्थेचा किंवा स्मरणीय घटनेचा विषय घेऊन नक्षी रचण्याची चाल पडली. दोघा माळ्यांना ती रोपे लावण्यास कित्येक आठवडे लागतात, एवढे सांगितले म्हणजे कामाची नाजूकता ध्यानात येईल.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. ताटवे मुख्यतः दोन जातींचे. पहिल्यात फुलांचा रंग कामी येतो आणि दुसऱ्यात, म्हणजे गालिचा-ताटव्यात, पानांचा. नवख्याला आश्चर्य वाटेल, पण बारीक रेघेचे चित्र काढावयाचे असेल तर फुलांपेक्षा पाने अधिक विश्वासू. फूल आज उमलते, उद्या मिटते, पावसाच्या एका सरीने मान टाकते. पानाचा रंग मात्र आठवडेच्या आठवडे टिकतो. म्हणून गालिच्यासाठी अल्टर्नँथेरा व आयरेसिनी यांच्या तांबड्या, जांभळट व पिवळसर जाती वापरतात. ही आपल्या माठ-राजगिऱ्याच्या कुळातली मंडळी. तांबड्या माठाचा वाफा ज्याने पाहिला आहे, त्याला त्या रंगाची कल्पना निराळी द्यावयास नको. सेडम, सेंपरव्हायव्हम आणि एचेव्हेरिया ही मांसल पानांची रोपे आपल्या पानफुटीच्या कुळातली असून त्यांच्यात करडा, निळसर व हिरवा अशा सौम्य छटा मिळतात. ही सर्व रोपे छाटणी सोसतात, बुटकी राहतात आणि शेजाऱ्याच्या जागेत पाय पसरीत नाहीत. चित्रातील रेघेला हेच गुण हवे असतात.

रोपे किती लागतात? साधे त्रैराशिक मांडून पाहू. पाच मीटर लांब व चार मीटर रुंद ताटवा घेतला तर त्याचे क्षेत्रफळ वीस चौरस मीटर भरते. झेंडूसारखी फुलझाडे पंचवीस सेंटिमीटर अंतराने लावली तर दर चौरस मीटरास १६, म्हणजे एकंदर ३२० रोपे पुरतात. तोच गालिचा-ताटवा सात सेंटिमीटर अंतराने भरावयाचा म्हटला, तर दर चौरस मीटरास सुमारे २०० आणि एकंदर सुमारे ४,००० रोपे लागतील. शिवाय मरतुकी, रोगट व आकारात न बसणारी रोपे बाजूला काढावी लागतात, म्हणून जास्तीची तयारी ठेवावी लागते ती वेगळीच. आधी कागदावर चौकटी आखून चित्र काढतात. मग खुंट्या व दोऱ्या लावून त्याच चौकटी जमिनीवर उतरवितात. बारीक वाळूने रेघा ओढून प्रथम कडेची रोपे लावतात आणि मागाहून पोट भरतात. आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या गृहिणीला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. फरक इतकाच की, रांगोळीचा ठिपका वाढत नाही आणि हा ठिपका वाढतो.

आणखी एक अडचण नजरेची. कागदावरचे चित्र आपण समोरून पाहतो. जमिनीवरचे चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांना तिरपे दिसते. त्यामुळे वर्तुळ चपटे भासते आणि अक्षरांची उंची आखडते. यावर दोन उपाय. एक म्हणजे मागील बाजूस मातीचा भर घालून ताटव्याला पाहणाऱ्याकडे उतार द्यावयाचा. दुसरा म्हणजे आकृती मुळातच काहीशी लांबट काढावयाची. म्हणून जाणता माळी चित्र लावून झाले की फळीवरून खाली उतरतो आणि प्रेक्षक जेथे उभे राहतील तेथे जाऊन डोळे किलकिले करून पाहतो.

तथापि या सर्वांहून अवघड अशी बाब म्हणजे वेळ. टॅटनचे प्रदर्शन जुलैत भरे. परीक्षकांची फेरी अमुक सकाळी, हे ठरलेले. रोपांना मात्र पंचांग ठाऊक नाही. म्हणून माळी दिवसांची गणती उलटी करतो. झेंडूच्या बुटक्या जाती पेरल्यापासून साधारणतः आठदहा आठवड्यांत फुलावर येतात. बिगोनियाचे बी धुळीसारखे बारीक व त्याची वाढ मंद, म्हणून ते वर्षारंभीच्या कडाक्यात काचेखाली पेरावे लागते. पुढे उन्हाळा लवकर तापला तर कळ्या खुडून, सावली देऊन रोपांना मागे ओढावयाचे. ढगाळ गेला तर ऊब देऊन पुढे ढकलावयाचे. दिवसाच्या लांबीचाही विचार करावा लागतो. फुलण्याचा व दिवसरात्रीच्या प्रमाणाचा संबंध आहे, ही गोष्ट गार्नर व अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली प्रसिद्ध केली. उंच जातीचा झेंडू लहान दिवसांत लवकर फुलतो; परंतु इंग्लंडाच्या उत्तर भागात जुलैचा दिवस सुमारे सोळा तासांचा. म्हणून रोप कोवळे असताना त्यावर संध्याकाळपासून काळे आच्छादन घालून त्याला दिवस लहान असल्याचा भास करून देतात. एवढे करून चार हजार रोपे एकाच आठवड्यात ऐन भरात आणणे म्हणजे चार हजार मुलांच्या शाळेकडून एका सुरात प्रार्थना म्हणवून घेण्यासारखे आहे.

आता विषयाचे पाहू. समजा, ‘नदी’ हा विषय दिलेला आहे. पहिल्या ताटव्यात पांढऱ्या फुलांनी ‘नदी’ अशी अक्षरे काढली आहेत व भोवती तांबडी फुले आहेत. दुसऱ्यात मध्यभागी रंगविलेली लाकडी होडी ठेवली आहे, तीत एक पुतळा वल्हे मारीत आहे आणि फुले कडेकडेने आहेत. तिसऱ्यात वरच्या कोपऱ्यातून निळ्या लोबेलियाची एक चिंचोळी धार निघते, करड्या सेडमच्या खडकांतून वळसे घेत उताराने खाली येते, येता येता रुंदावते आणि शेवटी फिकट निळ्यात विरते. काठावर प्रथम खुरटी पाने, मग हिरवीगार आणि मुखाजवळ उंच गवत. पहिल्या ताटव्याने विषयाचे नाव सांगितले. दुसऱ्याने विषय दाखविला खरा, पण तो सुताराच्या हातून. होडी उचलली तर खाली उरतो तो नेहमीचा वाफा. तिसऱ्यात मात्र अर्थ रोपांच्या ठिकाणीच आहे. पाटी वाचल्यावाचून तो कळतो. विषयबद्ध ताटव्याची पहिली कसोटी हीच. वस्तू काढून घेतल्यावर आणि पाटी झाकल्यावर रोपे किती बोलतात, ते पाहावे. आधाराची वस्तू अजिबात असू नये असे नव्हे. बर्मिंगहॅम शहराच्या उद्यानखात्याने चेल्सीला सांगाड्यांवर रोपे लावून मोठमोठ्या उभ्या आकृती सादर केल्या आणि वारंवार सुवर्णपदके मिळविली. पण तेथेही आकृतीची कातडी जिवंत रोपांचीच होती.

रंगांच्या निवडीलाही शास्त्र आहे. पॅरिसच्या गोबलँ येथील विणकामाच्या कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख असलेले रसायनज्ञ शेव्हरल यांनी १८३९ साली रंगविरोधावर मोठा ग्रंथ लिहिला. काळा धागा फिका दिसतो, ही तक्रार आली असता त्यांना असे आढळले की, दोष धाग्यात नसून त्याच्या शेजारच्या रंगात आहे. एका रंगाशेजारी दुसरा आला की दोन्ही निराळे भासतात. त्यांनी आपल्या ग्रंथात बागेतील फुलांच्या मांडणीसही हा नियम लावून दाखविला. निळ्याजवळ नारिंगी ठेवले तर दोन्ही उठून दिसतात; तांबड्याला हिरवा उठाव देतो; आणि दोन भडक रंग भांडू लागले तर मध्ये डस्टी मिलरसारख्या रुपेरी पानांची एक ओळ घातली की तंटा मिटतो. तिसऱ्या ताटव्यातील नदी वाहती दिसते, तीही निळ्याच्या छटा वर गडद व खाली फिकट ठेवल्यामुळे.

परीक्षणाची पद्धतही जाणून घेण्यासारखी आहे. या संस्थेच्या प्रदर्शनांत पदके चार प्रकारची: सुवर्ण, सोन्याचा मुलामा दिलेले रौप्य, रौप्य आणि कांस्य. पण शर्यतीप्रमाणे एकास पहिला व दुसऱ्यास दुसरा, असे येथे मानीत नाहीत. प्रत्येक मांडणी ठरलेल्या मानदंडाशी ताडून पाहतात. त्यामुळे एकाच वर्षी अनेकांना सुवर्णपदक मिळू शकते आणि मानदंडास कोणीच पोहोचले नाही, तर ते न देण्याचीही मोकळीक असते. सर्वोत्कृष्ट मांडणीचा मान त्याहून स्वतंत्र. परीक्षक विषयाची उकल, रचना, रंगसंगती, रोपांचे आरोग्य आणि कामाची सफाई यांकडे लक्ष देतात. पिवळे पडलेले पान, उघडी दिसणारी माती, वाकडी गेलेली कड या बारीकसारीक बाबींनी सुवर्णाचे रौप्य होते. ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. शेजाऱ्याला हरविणे हे येथे ध्येय नाही. आपले काम निर्दोष करणे हे आहे.

या कलेवर आक्षेपही थोडे नाहीत. विल्यम रॉबिन्सन या आयरिश माळी-लेखकाने १८७० च्या ‘द वाइल्ड गार्डन’ या ग्रंथात आणि इतर लेखनातून अशा लष्करी शिस्तीच्या ताटव्यांविरुद्ध मोहीमच उघडली. झाडाला त्याच्या स्वभावाप्रमाणे वाढू द्यावे, त्याला गालिच्याचा धागा बनवू नये, असे त्याचे म्हणणे. आजचे आक्षेप निराळे आहेत. थोड्या आठवड्यांच्या शोभेसाठी हजारो रोपे वाढवावयाची, त्यांना पाणी व ऊब पुरवावयाची आणि हंगाम संपताच उपटावयाची, हे उधळेपणाचे नाही काय? रोपांसाठी वापरली जाणारी पीट नावाची माती ज्या दलदलींतून खणतात त्या बनावयास हजारो वर्षे लागतात आणि त्यांत कार्बनचा मोठा साठा असतो, हेही आता सर्वांना कळून चुकले आहे. एकाच जातीवर विसंबण्याचा धोकाही दिसून आला. आपल्या तेरड्याचे भावंड असलेले इम्पेशन्स इंग्लंडातील सावलीच्या ताटव्यांचे लाडके रोप. २०११ साली केवडा रोगाने त्याचे ताटवेच्या ताटवे झोपविले.

हे आक्षेप खोटे नाहीत. यांतील काहींचे उत्तर ताटवा रचणारेच देऊ लागले आहेत. पाणी कमी मागणारी मांसल रोपे, बहुवर्षायू झाडे, गवते, मधमाश्यांना उपयोगी पडणारी साधी फुले आणि पीटविरहित माती यांचा वापर वाढत आहे. रॉबिन्सनच्या आक्षेपाला मात्र मी एवढेच म्हणेन की, रानातील सौंदर्य रानात असतेच. पण शहरातल्या चौकात, आगगाडीच्या स्थानकाबाहेर, बाग परवडत नाही अशा माणसाच्या वाटेवर जे सौंदर्य ठेवावयाचे, ते कोणीतरी हाताने रचावेच लागते.

आणि आता तो मुख्य मुद्दा. हे हात कोठून यावयाचे? ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने उद्यानांची निगा राखण्याची कामे खुल्या निविदांवर देणे नगरसंस्थांना भाग पडले. १९९७ नंतर धोरण बदलले, परंतु तोवर अनेक ठिकाणची जुनी घडी मोडली होती. पुढे २०१० नंतरच्या काटकसरीत उद्यानांच्या खर्चाला आणखी कात्री लागली. कित्येक नगरपालिकांच्या रोपवाटिका बंद झाल्या. गवत कापण्याचा मक्ता देता येतो. पण बिगोनियाचे धुळीसारखे बी कसे पेरावे, कळी कोणत्या दिवशी खुडावी, उतार किती द्यावा, हे ज्ञान मक्त्याच्या कागदात मावत नाही. ते थोराच्या हाताखाली कोवळ्या हाताने काम केले तरच पुढे जाते. ताटव्यांच्या स्पर्धेने हे ज्ञान काही काळ तरी जगते ठेवले. तिच्यासाठी नगराला रोपवाटिका ठेवावी लागे, माळ्याला आपल्या कामाचे नाव व्हावे असे वाटे, आणि एरवी कोणाच्या नजरेत न भरणारा मनुष्य एका सकाळी लोकांच्या कौतुकाचा विषय होई.

आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाचे पुष्पप्रदर्शन हिवाळ्यात भरते. मुंबईस भायखळ्याच्या राणीच्या बागेत महानगरपालिकेच्या प्रदर्शनात एखादा विषय घेऊन फुलांच्या प्रतिकृती मांडतात आणि त्या पाहण्यास कुटुंबेच्या कुटुंबे लोटतात. बंगलोरच्या लालबागेतील १८८९ सालच्या काचमहालात प्रजासत्ताकदिनी व स्वातंत्र्यदिनी भरणाऱ्या प्रदर्शनांचीही अशीच ख्याती आहे. या प्रतिकृतींत पुष्कळदा तोडलेली फुले सांगाड्यावर खोचलेली असतात. तीही एक कलाच; पण तिचे आयुष्य दोनचार दिवसांचे. मुळे धरलेल्या रोपांचा ताटवा प्रदर्शन संपल्यावरही त्याच जागी महिनाभर शोभा देऊ शकतो आणि त्यातील रोपे काढून शाळांच्या अंगणांत लावता येतात. आपल्या नगरपालिकांनी, शाळांनी व वसाहतींनी अशा ताटव्यांची स्पर्धा मनावर घेतली, तर माळीकामाला प्रतिष्ठा येईल आणि मुलांना वनस्पतिशास्त्र, भूमिती व रंगविद्या हे तिन्ही विषय एकाच वाफ्यावर शिकता येतील.

तेव्हा श्रोतेहो, यापुढे प्रदर्शनात ताटव्यासमोर उभे राहाल तेव्हा घाईने छायाचित्र घेऊन पुढे जाऊ नका. आधी पाटीवर हात ठेवा आणि रोपांनी काय सांगितले ते ऐका. मग कडेला वाकून पाहा, माती कोठे उघडी आहे काय. रेघ सरळ आहे काय. सगळी रोपे एकाच दिवशी भरात आली आहेत काय. एवढे जमलेले दिसले, तर आसपास कोठेतरी हातात झारी घेतलेला माणूस उभा असेल, त्याच्याजवळ जाऊन बी केव्हा पेरले होते, असे विचारा. तो जे सांगेल ते कोणत्याही पुस्तकात आपल्याला वाचावयास मिळणार नाही.